चमचाभर सोडा मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो का?

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय, थोडक्यात असं. वय ३९. नवऱ्याला चार वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, असल्याचं निदान झालं. मेसालामाइनच्या गोळ्या चालू आहेत, दीड वर्षात रक्त पडलेलं नाही. रक्तदाबाचीही एक गोळी आहे. अडीच महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या वाचनात आलं की या आजारात आतड्याच्या पेशींमधलं, बायकार्बोनेट बाहेर सोडणारं एक प्रथिन कमी झालेलं असतं आणि त्यामुळे आतड्याचं संरक्षक चिकट अस्तर नीट तयार होत नाही. त्यावरून त्यांनी ठरवलं की बायकार्बोनेट कमी पडतंय तर ते पोटात घ्यायचं. रोज सकाळी अनशापोटी पाण्यातून एक चमचा खायचा सोडा सुरू झाला. ‘बरं वाटतंय’ म्हणून काही आठवड्यांनी गोळ्या निम्म्यावर आल्या. मध्यंतरी शौचाच्या तपासणीत पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, ७ च्या खाली म्हणजे आम्लधर्मी) ६ आला, पुढे ‘आम्लधर्मी’ असा शेरा. आता सोडा दोन वेळा घ्यायचं चाललंय. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही. त्या लिहितात, ‘ते अडाणी नाहीत. मला त्यांचं म्हणणं खोडता येत नाही आणि पटतही नाही. पाठीमागे डॉक्टरांना सांगितलं तर विश्वासघात होईल, गप्प बसले तर रात्रीची झोप लागत नाही. काय करू?’

ताई,

तुमच्या यजमानांनी जे वाचलं ते खरं आहे. हे मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहितेय. अशा वेळी घरात ‘मोबाइलवर काहीतरी वाचतात आणि करत बसतात’ या सुरात बोलणं होतं, आणि त्या सुरात बोललं की समोरचा माणूस आपलं म्हणणं आणखी घट्ट धरून बसतो. त्यांनी वाचलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. गडबड झालीय ती त्यानंतरच्या उडीत. ‘बाहेर सोडणारं प्रथिन कमी झालंय’ यावरून ‘बायकार्बोनेट कमी पडतंय’ असं निघत नाही. तुम्हाला त्यांचं म्हणणं खोडता येत नाही ते यामुळेच. तुम्ही पहिल्या वाक्याशी भांडताय, आणि चूक तिसऱ्या वाक्यात आहे.

म्हणून आधी आतड्यात काय चालतं ते जरा जवळून बघू. हा भाग त्यांनाही वाचायला द्या, त्यांना आवडेल असं पत्रावरून वाटतंय.

मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो. लहान आतड्याकडून रोज दीड ते दोन लिटर पातळ ऐवज या पेशींपुढे येऊन पडतो आणि शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर जातं. मधलं सगळं पाणी या पेशी परत ओढून घेतात. पाणी आपणहून आत येत नाही, ते मिठामागोमाग येतं. आणि मीठ शोषायची या पेशींची मुख्य पद्धत देवाणघेवाणीची आहे. सोडियम आत घ्यायचा तर त्याच्या बदल्यात हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाचा कण, बाहेर द्यायचा. क्लोराइड आत घ्यायचा तर बदल्यात बायकार्बोनेट बाहेर द्यायचं. यातला दुसरा व्यवहार मुख्यतः जे प्रथिन सांभाळतं ते डीआरए. तुमच्या यजमानांनी वाचलं ते हेच असणार. १९९३ मध्ये ते पहिल्यांदा नजरेस आलं ते मोठ्या आतड्यातल्या गाठींचा अभ्यास करताना. गाठीच्या पेशींत ते कमी झालेलं दिसलं. ते नेमकं काय काम करतं याचा उलगडा नंतर झाला.

आता कळीचा प्रश्न. बाहेर द्यायचं बायकार्बोनेट ही पेशी आणते कुठून? बरंचसं जागच्या जागी बनवते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी पेशीत कधीच कमी पडत नाहीत. कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम त्या दोघांपासून एक हायड्रोजन आयन आणि एक बायकार्बोनेट तयार करून देतं. दोन्ही व्यवहारांना लागणारा माल एकाच वेळी तयार. शिवाय रक्तातूनही पेशीच्या मागच्या बाजूने काही बायकार्बोनेट आत घेतलं जातं, आणि रक्तात ते साधारण २२ ते २८ मिलिमोल प्रतिलिटर या पातळीवर राहील याची काळजी फुप्फुसं आणि मूत्रपिंडं चोवीस तास घेत असतात. आतड्याला सूज आली म्हणून यातलं काही आटत नाही. आटतो तो डीआरए. सुजेच्या वेळी तयार होणारी टीएनएफ, इंटरफेरॉन गॅमा यांसारखी रसायनं पेशीला ते प्रथिन कमी बनवायला लावतात. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आहे आणि खालची तोटी अडकलीय, अशी ही स्थिती. टाकीत आणखी दोन बादल्या ओतून नळाला पाणी येत नाही.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. निसर्गाने याचा एक क्रूर प्रयोग करून ठेवलाय. काही बाळं डीआरएच्या जनुकात दोष घेऊनच जन्माला येतात. १९४५ मध्ये या आजाराची पहिली वर्णनं प्रसिद्ध झाली, १९९६ मध्ये जनुक सापडलं; फिनलंडमध्ये तो तुलनेने जास्त आढळतो. या बाळांना जन्मापासून जुलाब असतात, आणि ते इतके पाण्यासारखे की लंगोटात लघवी झालीय असं वाटून निदान लांबतं. शौचात क्लोराइड भरमसाट सापडतं, कारण ते शोषणारं प्रथिनच नाही. आता सांगा, या बाळांच्या रक्तात बायकार्बोनेट कमी असेल की जास्त? तुमच्या यजमानांच्या हिशेबाने कमी असायला हवं. प्रत्यक्षात ते वाढलेलं असतं. बाहेर पडायची वाट बंद, म्हणून ते आत साचतं आणि रक्त अल्कधर्मी होतं. त्यांना आयुष्यभर जे द्यावं लागतं ते मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड. सोडा दिला तर आधीच ढळलेला तोल आणखी ढळेल. यातल्या काहींना पुढे आतड्याचा दाहही होतो असं आढळलंय, म्हणजे या प्रथिनाचं आणि आतड्याच्या आरोग्याचं नातं खरंच जवळचं आहे. पण ते दुरुस्त करायचा मार्ग सोड्यातून जात नाही.

आता त्या चिकट अस्तराकडे येऊ, कारण तुमच्या यजमानांच्या विचारातला सगळ्यात पटण्याजोगा भाग हाच आहे. आपण एरवी ‘आव पडते’ म्हणतो तेव्हा जो चिकट पदार्थ दिसतो, तोच आत, जागेवर असताना, आतड्याचं कवच असतो. पेशींच्या थरात मधून मधून गॉब्लेट पेशी असतात. म्यूसिन नावाच्या लांबलचक रेणूंची घट्ट घडी घालून त्या ते स्वतःच्या आत साठवून ठेवतात. घडी सुटू नये म्हणून आत कॅल्शियम भरलेलं असतं आणि वातावरण आम्लधर्मी ठेवलेलं असतं. पेशीने ती घडी बाहेर सोडली की बायकार्बोनेट पुढे होतं, कॅल्शियमला आपल्याकडे ओढतं, आम्लता कमी करतं, आणि म्यूसिन पाणी पिऊन शेकडो पटींनी फुलतं. अशा फुललेल्या जाळ्यांचे थर एकावर एक बसून जो आतला घट्ट पडदा तयार होतो, त्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. २००८ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या आतड्यात हे दाखवलं. आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जिवाणू, आणि पेशींना लागून मिलिमीटरचाही अंश असलेली ही मोकळी पट्टी! डीआरए नसलेल्या उंदरांमध्ये हा घट्ट पडदा नीट तयार होत नाही आणि त्यांना कोलायटिस लवकर होतो. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात बायकार्बोनेटची दुसरी एक वाट बंद असते. तिथे म्यूसिन फुलतच नाही, गोंदासारखं बसून राहतं आणि काही बाळांचं आतडं जन्मतःच तुंबलेलं असतं.

मग बायकार्बोनेट द्यायला हरकत काय, असं ते विचारतील. हरकत जागेची आहे. ते लागतं पेशीच्या अगदी तोंडाशी, पडद्याच्या खाली, म्यूसिन बाहेर पडतं त्या क्षणी. ते पेशीकडून यावं लागतं. तोंडावाटे घेतलेलं काही मोठ्या आतड्यात पोचलंच, तरी ते पोचतं पोकळीत, मळाच्या बाजूला, पडद्याच्या पलीकडे.

आणि मुळात ते पोचत नाही. सोडा पोटात गेला की जठरातल्या आम्लाशी त्याची गाठ पडते. मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ढेकर येते ती त्याची. जे उरतं ते लहान आतड्यात शोषलं जाऊन रक्तात येतं आणि मूत्रपिंडं जास्तीचं लघवीवाटे टाकून देतात. वाटेत स्वादुपिंड स्वतःच रोज लिटरभर तरी बायकार्बोनेटने भरलेला रस लहान आतड्यात ओतत असतं. त्याच्यापुढे तुमचा चमचा तो काय! यजमानांना एक आठवण करून द्या. कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ व्हायला भरपूर द्रावण प्यायला देतात ना, त्यातल्या बऱ्याच पावडरींमध्ये सोडियम बायकार्बोनेट असतं, आणि ते द्रावण न शोषलं जाता खरोखरच मोठ्या आतड्यातून जातं. ते त्यात घातलेलं असतं शरीरातल्या क्षारांचा तोल राहावा म्हणून. त्याने कुणाचा कोलायटिस शमल्याचं म्हणून कुणी सांगत नाही.

‘पण बरं वाटतंय’ याचं काय? वाटत असेलही. जळजळ कमी झाली असेल, पोटाचा फुगारा ढेकरेवाटे मोकळा होत असेल. ते जठराचं बरं वाटणं आहे, मोठ्या आतड्याचं नव्हे. रक्त पडत नाही याचं श्रेय मात्र त्यांनी चुकीच्या खात्यावर जमा केलंय. सोडा सुरू करायच्या कितीतरी आधीपासून, दीड वर्ष, रक्त पडत नव्हतं.

शौचाच्या रिपोर्टवरचा ‘आम्लधर्मी’ शेरा बघून घाबरू नका. पीएच ६ हा मोठ्या आतड्यासाठी बिघाड नाही. आपल्याला न पचलेले तंतू तिथले जिवाणू आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, जिथे हे आंबणं जोरात चालतं, तिथे पीएच ६ च्या आसपास किंवा त्याहून खालीही असतो. पुढे सरकत शेवटाला तो ७ च्या जवळ जातो. १९८० मध्ये रोडिगर या संशोधकाने माणसाच्या आतड्याच्या पेशी घेऊन दाखवलं की त्यांचं मुख्य इंधन ब्युटिरेट आहे. म्हणजे ज्या आम्लाला मारायला तुमचे यजमान निघालेत, ते त्या पेशींचं जेवण आहे. लहान मुलांत जुलाबाच्या वेळी पीएच ५.५ च्या खाली गेला तर साखर पचत नसल्याची शंका घेतात, तो वेगळा प्रश्न. यकृताच्या काही रुग्णांना तर डॉक्टर लॅक्टुलोज देऊन मोठं आतडं मुद्दाम अधिक आम्लधर्मी करतात.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. ही मेदाम्लं पेशीत शिरतात ती बऱ्याच अंशी बायकार्बोनेटच्या बदल्यात. मेदाम्ल आत, बायकार्बोनेट बाहेर. डीआरएखेरीजचा हा दुसरा व्यवहार आहे. तुमच्या यजमानांना आतड्याच्या पेशींकडून बायकार्बोनेट बाहेर पडायला हवंय ना, तर ते करवून घ्यायचा रस्ता तंतुमय आहारातून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठी रोज निदान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचवलेत: फळं, भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं. कोलायटिस शांत असताना बहुतेकांना हे झेपतं. मात्र आजार उसळलेला असताना किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं, आणि वाढवायचं तेही हळूहळू, नाहीतर पोट फुगून माणूस दुसऱ्याच दिवशी नाद सोडतो.

आता काळजीचा भाग. मला सोड्यापेक्षा अर्ध्यावर आलेल्या गोळ्यांची जास्त काळजी वाटतेय.

मेसालामाइन आजार शांत करतं तसंच शांत ठेवतंही, आणि दुसरं काम डोळ्याला दिसत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत आजार शांत असलेल्या ९९ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेल्या गोळ्या नीट न घेणाऱ्यांत आजार पुन्हा उसळण्याचा धोका नीट घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. रक्त पडत नाही म्हणजे आत सगळं ठीक आहे, हेही धरून चालू नका. सूज आधी येते, रक्त मागाहून दिसतं. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी ही लपलेली सूज पकडते. पीएचपेक्षा तिचा उपयोग कितीतरी जास्त.

यात आणखी एक गुंता आहे जो बहुधा तुमच्या दोघांच्याही लक्षात आला नसेल. मेसालामाइन लहान आतड्यातच शोषलं जाऊन वाया जाऊ नये म्हणून बऱ्याच गोळ्या-कॅप्सूलींवर असं आवरण असतं जे ठरावीक पीएचला, साधारण ६ ते ७ च्या पुढे, विरघळतं. जठराच्या आम्लात ते टिकतं आणि खाली गेल्यावर उघडतं. सोडा घेऊन जठरातलं आम्ल मारलं तर आवरण वेळेआधी सुटू शकतं. काही मेसालामाइनच्या माहितीपत्रकात अँटासिडबरोबर घेऊ नका असं छापलेलंच असतं. म्हणजे सकाळी सोडा आणि पाठोपाठ गोळी असा क्रम असेल, तर जी अर्धी गोळी ते घेतायत तीही नीट जागेवर पोचत असेल याची खात्री नाही. त्यांच्या डब्यातलं पत्रक काढा आणि वाचा, दोघांनी मिळून. वाचून पटणारा माणूस आहे, वाचूनच पटेल.

सोड्याचा स्वतःचा हिशेबही मांडते. एक सपाट छोटा चमचा म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात १२५० ते १४०० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे, जेवणातलं सगळं मीठ धरून. दोन चमच्यांत ती जेवणाआधीच ओलांडली जाते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने हे करायचं म्हणजे एका हाताने दाब उतरवायचा आणि दुसऱ्याने चढवायचा. ती गोळी लघवी वाढवणारी असेल, किंवा कधी कोलायटिससाठी स्टेरॉइड चालू करावं लागलं, तर पोटॅशियम आणखी खाली जाऊ शकतं. सोडाही ते त्याच दिशेला ढकलतो. हातापायांत अशक्तपणा, पेटके, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. भरल्या पोटी भरपूर सोडा घेतल्याने जठर फाटल्याच्या दुर्मीळ नोंदीही आहेत.

एवढं सगळं लिहिल्यावर आता तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण तुम्ही सोड्याचं रसायन विचारायला पत्र लिहिलेलं नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय: ‘मुळावर उपाय सापडला’ म्हणून त्यांनी गोळ्या कमी केल्या. मला वाटतं सगळं इथे आहे. चाळिशीतल्या माणसाला चार वर्षं रोज गोळ्या, आणि पुढेही किती वर्षं ते कुणी सांगत नाही. दीड वर्ष काही त्रास नाही. अशा वेळी गोळी हीच आजाराची आठवण होऊन बसते. मग जो कुणी ‘मूळ सापडलं’ म्हणेल त्याच्याकडे मन ओढलं जातं. सोडा निमित्त आहे. त्यांना रुग्ण असण्याचा कंटाळा आलाय. म्हणून बोलायला बसाल तेव्हा सोड्यावरून सुरुवात करू नका. ‘गोळ्यांचा कंटाळा आलाय का?’ एवढंच विचारा आणि ते बोलतील ते मध्ये न तोडता ऐका. कंटाळ्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या पुष्कळदा एकाच वेळी घेता येतात, प्रकार बदलता येतो, शांत काळात मात्राही कमी करता येते. पण ती तपासणी करून, डॉक्टरांनी.

‘पाठीमागे सांगणं’ आणि ‘गप्प बसणं’ असे दोनच रस्ते तुम्ही धरलेत. तिसरा आहे, तो म्हणजे तोंडावर सांगून सांगणं. ‘मी या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतेय. सोड्याचं आणि गोळ्यांचं मी त्यांना सांगणार आहे. तुम्ही सोबत आलात तर तुम्हीच सांगा, मला जास्त आवडेल. तुम्ही वाचलेलं घेऊन या, मी मध्ये बोलणार नाही.’ यात लपवाछपवी नाही, म्हणून विश्वासघातही नाही. आणि ते वाचलेलं नक्की नेऊ द्या. चांगला डॉक्टर ते उडवून लावणार नाही. उलट डीआरएबद्दल विचारणारा रुग्ण त्याला रोज भेटत नाही.

ते यायला नाहीच म्हणाले तर तुम्ही एकट्या जा किंवा फोन करा. डॉक्टर त्यांची माहिती तुम्हाला देणार नाहीत, पण तुमची ऐकून घेऊ शकतात. नवरा-बायकोतली गुपितं कोणती असावीत यावर मतं असू शकतात. निम्मं केलेलं औषध आणि दोन चमचे सोडियम त्यात बसत नाही, हे माझं मत.

दरम्यान आजच करण्यासारखं इतकंच: सोडा बंद, गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेवर परत. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट घ्यायच्या नाहीत. सोडा थांबवल्यावर जळजळ सुरू झाली तर तीही डॉक्टरांना सांगा, तिच्यावर वेगळं औषध असतं. किती वेळा शौचाला जावं लागलं, रक्त किंवा आव दिसली का, रात्री उठावं लागलं का, हे कॅलेंडरवर टिपून ठेवा. दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि जोडीला ताप, किंवा नाडी ९० च्या वर, असं झालं तर वेळ ठरवायची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

अशीच आणखी काही पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही इथेच उत्तर देते. मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातलं बायकार्बोनेट खरोखर कमी होतं आणि तिथे सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या डॉक्टर लिहून देतात. हे वाचून त्या बंद करू नका. जोराच्या जुलाबात बायकार्बोनेट आणि पोटॅशियम शौचावाटे वाहून जातं, रक्त आम्लधर्मी होतं, पण तिथेही घरचा सोडा नको, ओआरएस हवं. १९७५ च्या मूळ ओआरएसमध्ये बायकार्बोनेटच होतं. पुडी जास्त दिवस टिकावी म्हणून १९८४ पासून त्याजागी सायट्रेट आलं, जे शरीरात जाऊन बायकार्बोनेटच बनतं. सध्याचं, २००२ पासूनचं सूत्रही सायट्रेटचंच आहे. मापात मीठ-साखर बसवलेलं असतं, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही. आणि ज्या गृहस्थांनी सोड्याचा एनिमा घरी घ्यावा का असं विचारलंय, त्यांना: नाही.

ताई, डॉक्टरांकडे जाल तेव्हा तपासण्यांत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी तपासणी) आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आहे का ते विचारा. मेसालामाइन घेणाऱ्यांचं क्रिएटिनिन अधूनमधून बघावंच लागतं. रक्तातल्या बायकार्बोनेटचा आकडा यजमानांना स्वतःला वाचू द्या. रक्त देण्याआधी सोडा थांबून काही दिवस झाले असतील तर तो बहुधा २२ ते २८ च्या मध्येच कुठेतरी असेल, आणि मग पुढचा प्रश्न ते स्वतःच डॉक्टरांना विचारतील.